बीजाआधी भूमी : स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा प्रसार आणि पेशीबाह्य पुटिका

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते प्रथम रुग्णालयात दाखल झाले होते. त्यानंतर अवघे तेरा महिने लोटले. कोडोली परिसरातील आमचे रुग्ण तेव्हापासून या व्याधीविषयी विचारू लागले. मुळात एकाच जागी असलेली गाठ इतक्या त्वरेने शरीरभर कशी पसरते, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे जे अंशतः उत्तर आधुनिक संशोधनाने दिले आहे, ते वैद्यबंधूंपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

व्याधीचे स्वरूप

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत असते. त्यामुळे लक्षणे उशिरा प्रकट होतात. निदानसमयी पाचांपैकी जेमतेम एका रुग्णात शस्त्रक्रिया शक्य असते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२५ च्या अहवालानुसार पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण केवळ १३ टक्के आहे. गाठ संपूर्ण काढल्यानंतरही पुष्कळ रुग्णांच्या यकृतात पुढे नव्या गाठी आढळतात.

कर्करोगाची पेशी हे बीज आणि ज्या अवयवात ती रुजते तो भूमी, असा विचार इंग्रज शल्यविद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडला होता. मात्र भूमी अनुकूल कशी होते, हे त्या वेळी ज्ञात नव्हते.

पुटिका म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक सर्व पेशी आपल्या आवरणाचे सूक्ष्म बुडबुडे बाहेर सोडतात. त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांतील 'एक्झोसोम' हा प्रकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा असतो. १९८३ मध्ये अपक्व रक्तपेशींत त्यांचे वर्णन झाले, तेव्हा ही पेशीची मलविसर्जनाची सोय असावी असे मानले गेले. पुढे कळले की या पुटिका प्रथिने व आरएनए वाहून नेतात आणि दूरच्या पेशींचे वर्तन बदलतात.

यकृतातील पूर्वतयारी

न्यूयॉर्क येथील डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींच्या पुटिका यकृतातील कुप्फर पेशी ग्रहण करतात. या पुटिकांत 'एमआयएफ' नावाचे प्रथिन विपुल असते. त्याच्या प्रभावाने कुप्फर पेशी 'टीजीएफ-बीटा' हा स्राव सोडतात; त्यामुळे यकृतातील तारकाकार पेशी 'फायब्रोनेक्टिन' हे तंतुमय प्रथिन अधिक निर्माण करतात; आणि त्या जाळ्यात अस्थिमज्जेतून आलेल्या भक्षक पेशी अडकून राहतात. अशा रीतीने कर्करोगाची पेशी येण्यापूर्वीच तिचे आसन सिद्ध होते. एमआयएफला रोखले असता ही तयारी झाली नाही व प्रसारही रोखला गेला. ज्यांना पुढे यकृतात प्रसार झाला, अशा पहिल्या अवस्थेतील रुग्णांच्या पुटिकांतही हे प्रथिन अधिक आढळले.

त्याच वर्षी याच गटाने दाखविले की पुटिकांवरील 'इंटिग्रिन' प्रथिने त्यांचे गंतव्यस्थान ठरवितात. आल्फा-व्ही-बीटा-५ हे इंटिग्रिन यकृताकडे, तर आल्फा-६-बीटा-४ फुप्फुसाकडे नेते.

आयुर्वेदीय विचार

हे वाचताना सुश्रुतसंहितेतील षट्क्रियाकाल आठवल्याशिवाय राहत नाही. प्रसर पावलेले दोष जेथे खवैगुण्य असेल तेथे स्थानसंश्रय करतात. येथेही स्थानाची अनुकूलता निर्णायक आहे. तथापि एक भेद ध्यानी घ्यावा. खवैगुण्य हे त्या स्थानीचे वैगुण्य होय. येथे मात्र मूळ अर्बुदच दूर राहून ते उत्पन्न करते. म्हणून हे साम्य समजुतीस उपकारक असले तरी प्रमाण नव्हे. आपल्या एखाद्या योगाने या पुटिका रोखल्या जातात, असे रुग्णास सांगण्यास आज आधार नाही. यकृतातील ही तयारी नित्याच्या रक्ततपासणीतही दिसत नाही.

वैद्याचे कर्तव्य

काही वर्षांपूर्वी पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी आमच्याकडे आले. कावीळ, अंगास खाज, वजनात घट; पोटदुखी मात्र नाही. गावठी औषध तीन आठवडे घेऊन झाले होते. आम्हीही दोन आठवडे कामलेची चिकित्सा केली. मलाचा वर्ण मात्र विचारलाच नाही. पुढे कोल्हापुरात तपासणी झाली, तेव्हा यकृतात गाठी होत्या. आधी पाठविले असते तर त्या नसत्या, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी ते दोन आठवडे आमच्या मनातून जात नाहीत.

रुद्धपथ कामलेत मल तिळाच्या पिठीसारखा पांढुरका होतो, हे चरकाचार्यांनी सांगून ठेवले आहे. हा अवरोध कशाचा, हे पाहिल्याशिवाय चिकित्सा करीत राहू नये. पन्नाशीनंतर वेदनारहित कावीळ, पांढुरका मल, अकारण कृशता, पाठीकडे जाणारी पोटदुखी, किंवा कृशतेसह नव्याने उद्भवलेला मधुमेह दिसल्यास रुग्णास त्याच आठवड्यात तपासणीस धाडावे. सोनोग्राफीत काही न आढळल्यासही संशय असेल तर सीटी स्कॅनचा आग्रह धरावा.

रोग भूमी तयार करीत असतो त्या काळात रुग्ण बहुधा आपल्याच ओट्यावर बसलेला असतो. तो काळ आपल्या हातून वाया जाऊ नये, एवढीच विनंती.