दवंडी स्वतःच्या कामाची

जुन्या ग्रामव्यवस्थेत वार्ता पोहोचविण्याचे साधन म्हणजे दवंडी. वाद्यावर दोन ठोके पडले की माणसे दारात येत आणि पुकारणारा मोजक्या शब्दांत काम संपवी: हुकूम कोणाचा, काम कोणते, दिवस कोणता, जमायचे कोठे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, दवंडी थोडक्यात असे आणि ऐकणाऱ्याच्या उपयोगाची असे. दोन, हा पुकारा करणे अनेक गावांत आपल्या वाडवडिलांकडे वतनाचे काम म्हणून आलेले होते. त्यांचा आवाज साऱ्या गावात पोहोचत असे, परंतु त्यातला एकही शब्द त्यांचा स्वतःचा नसे. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि त्या सक्तीच्या सेवेचा कायदेशीर आधार संपला.

आज आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी लहान व्यवसाय करीत आहेत. कोणाचे शिवणकाम आहे, कोणाची खानावळ आहे, कोणाचे मंडप-डेकोरेशन आहे. त्यांतील बहुतेकांच्या घरातील ही व्यवसाय करणारी पहिलीच पिढी. त्यांच्यापाशी पिढीजात गिऱ्हाईक नाही आणि मुख्य पेठेत गाळाही नाही. अशा माणसासाठी व्हॉट्सॲप, फेसबुक किंवा इन्स्टाग्राम यांवरील पोस्ट ही चैन नव्हे. ती त्याच्या स्वतःच्या कामाची दवंडी आहे. ती कशी द्यावी, एवढाच या लेखाचा विषय.

आपली एक माजी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी मिरची-मसाला कांडप केंद्र चालविते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती भेटीस आली व म्हणाली, “सर, रोज पोस्ट टाकते, पण कोणी फिरकत नाही.” मी तिचा मोबाईल पाहिला. सकाळी सुविचार, सणाला शुभेच्छा आणि मधूनमधून एक रंगीत चित्र: ‘सर्वोत्तम दर्जा, वाजवी दर, एकदा अवश्य भेट द्या.’ हे वाक्य गावातील कोणत्याही दुकानावर लावले तरी चालले असते. तिच्या केंद्राविषयी त्यात काहीच नव्हते.

इतिहासाच्या वर्गात आम्ही कोणतेही साधन हाती आले की प्रश्न विचारतो: हे कोणी लिहिले, केव्हा, कोठे, आणि कशावरून? गिऱ्हाईकही मनातल्या मनात हेच प्रश्न विचारते. विशेषतः शेवटचा. ‘सर्वोत्तम दर्जा’ हे विधान झाले, पुरावा नव्हे. म्हणून मी तिला एकच गृहपाठ दिला: कांडपाला येणाऱ्या बायका तुला काय विचारतात, ते आठवडाभर वहीत लिहून ठेव.

वही भरून आली. माझ्या मिरचीत दुसऱ्याची मिसळणार नाही ना? हळदीनंतर लगेच मिरची घातली तर रंग येईल का? समोर कांडून मिळेल का? किलोला किती? किती वेळ थांबावे लागेल? रंगासाठी कोणती मिरची घ्यावी? यातील प्रत्येक प्रश्न ही एक पोस्ट होती. नंतर तिने लिहिले:

‘उद्या बुधवारी सकाळी ८ ते ११ फक्त हळद. त्यानंतर यंत्र झाडून-पुसून ११ पासून मिरची. प्रत्येकाचा माल वेगळा, आपल्यासमोर कांडला जाईल. मिरची देठ काढून, कडक वाळवून आणावी. किलोचा दर दारावर लिहिला आहे.’

सोबत यंत्र साफ करतानाचे एक छायाचित्र. दुसऱ्या दिवशी हळद घेऊन आलेल्या बायका आपसांत त्या वेळापत्रकाविषयीच बोलत होत्या, असे तिने मला फोनवर सांगितले. पुढील पोस्टमध्ये तिने दोन परातींत दोन मिरच्या शेजारी ठेवल्या: रंगाला गडद पण तिखटाला सौम्य अशी ब्याडगी, आणि झणझणीत गुंटूर. कोणत्या घराला कोणते मिश्रण मानवेल हे तिने चार ओळींत सांगितले. ही माहिती ज्याला कांडप करायचे नाही त्यालाही उपयोगी पडते, आणि उपयोगी पडलेली गोष्ट माणूस आपणहून दुसऱ्याला पाठवितो.

यावरून काही नियम सांगता येतील. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगावी. महत्त्वाचे पहिल्या दोन ओळींत यावे, कारण लांब मजकुराचा उरलेला भाग पडद्यावर झाकला जातो आणि तो उघडण्याचे कष्ट थोडेच घेतात. भाषा आपल्या गिऱ्हाइकाची असावी. ‘कांडप’ म्हणणाऱ्या गावात ‘ग्राइंडिंग सोल्युशन’ म्हणू नये. छायाचित्र विकत आणलेले नको, आपल्या दुकानातले हवे. ते सकाळच्या उजेडात, दाराजवळ, मागचा पसारा आवरून काढावे. चित्रफीत मोबाईल उभा धरून, पंधरा-वीस सेकंदांची करावी. लाल तिखट चाळणीतून पडताना दिसले की वेगळ्या संगीताची गरज उरत नाही. शेवटी ठिकाणाची खूण, वेळ आणि फोन क्रमांक न चुकता द्यावा. रोज काहीतरी टाकण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन वेळा सांगण्यासारखे सांगावे.

साधनांची ओळखही हवी. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप विनामूल्य असून त्यात दुकानाची वेळ, पत्ता, वस्तूंची दरासह यादी आणि नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे ठेवता येतात. त्यावरील स्टेटस चोवीस तासांनी नाहीसे होते. म्हणून ‘आज’ आणि ‘उद्या’च्या सूचनांसाठी ते उत्तम, कायमच्या माहितीसाठी नव्हे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपर्यंत नावे घालता येतात, परंतु ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून पिशवी परत देतानाच ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा’ असे विनंतीपूर्वक सांगावे. गावाच्या किंवा समाजाच्या गटात मात्र रोज जाहिरात टाकू नये; तो गट सर्वांचा असतो. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. परगावाहून येणाऱ्यास ती फार उपयोगी पडते.

आता मर्यादांविषयी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या हळदीने मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो अशा जाहिरातींना तर औषधे व चमत्कारी उपाय यांविषयीच्या १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. पाकीटबंद मसाला विकणाऱ्याने अन्नसुरक्षा नोंदणी करून तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा आणि पोस्टमधील छायाचित्रात तो दिसू द्यावा. तोही एक पुरावाच. गिऱ्हाइकाचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून टाकू नये, आणि लहान मुलांचे पालकांना विचारल्यावाचून मुळीच नाही.

तक्रार आली तर ती पुसून टाकू नये. एकदा आपल्या या विद्यार्थिनीला कोणीतरी सर्वांसमक्ष लिहिले की तिखट जाडसर निघाले. ती रागावली होती. उत्तर देऊ नये असे तिला वाटत होते. शेवटी तिने लिहिले, ‘आणून द्यावे, पुन्हा कांडून देऊ. पैसे लागणार नाहीत.’ माझ्या मते तिच्या सर्व पोस्टमध्ये हीच सर्वांत चांगली. दहा विशेषणांनी जो विश्वास मिळाला नसता तो या दोन वाक्यांनी मिळविला, कारण तो शब्द तिने पाळला आणि तो पाळताना गावाने पाहिले.

फळ मोजण्याची पद्धतही साधी ठेवावी. किती जणांनी अंगठा दाखविला यावर जाऊ नये. नवीन गिऱ्हाईक आले की ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ एवढे विचारावे आणि उत्तर वहीत टिपावे. दोन महिन्यांनी ती वही वाचली की कोणती पोस्ट कामाची होती ते कळते. दप्तर ठेवल्यावाचून इतिहास लिहिता येत नाही, आणि व्यवसायही नीट चालत नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच. या आठवड्यात शुभेच्छांचे चित्र पुढे पाठविण्याऐवजी, आपल्याला गिऱ्हाईक सर्वाधिक वेळा विचारते तो प्रश्न घ्या आणि त्याचे खरे उत्तर चार ओळींत लिहा. खाली आपल्या दुकानाचे नाव घाला. दवंडीचा आवाज पूर्वीही आपलाच होता. आता शब्दही आपले असू द्यात.