नौकेच्या ट्रेलरची बेअरिंगे आणि आस

पाटण तालुक्यातील कोयना धरणामागे शिवसागर जलाशय पसरला आहे. अशा जलाशयात ट्रेलरवरून नौका उतरविताना चाकांचे तुंबे पाण्यात बुडतात. घाट उतरताना ब्रेकमुळे तापलेला तुंबा ७० अंशांवरून एकदम २५ अंश सेल्सिअसवर आला, तर आतील बंदिस्त हवेचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. परिणामी झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते, वंगण पांढुरके होते व बेअरिंग गंजते. असे बेअरिंग जखडल्यास आसाची हानी होते. चाक निखळण्याचाही संभव असतो. यास्तव पाण्यात नेण्यापूर्वी तुंब्यावर हात ठेवून पाहावा. चटका बसत असल्यास तो निवू द्यावा. वर्षातून एकदा तरी बेअरिंगे धुऊन नवे वंगण भरावे आणि सील बदलावे.