माल तपासून पाठवणारे हात
खुल्या सॉफ्टवेअरची ‘रिलीज टीम’ आणि आपली मुले

माग कितीही चांगला चालो, कापड बाजारात कोणत्या नावाने उभे राहणार हे चेकिंग आणि घडीच्या टेबलावर ठरते, हे आम्हा कापडवाल्यांना नव्याने सांगायला नको. त्या टेबलावरचा माणूस एक धागाही विणत नाही. पण हा ताका पाठवायचा की मागे ठेवायचा, हे तोच सांगतो. पेढीची अब्रू त्याच्या हातात असते.

संगणकाच्या जगातही असे टेबल आहे. त्याला ‘रिलीज टीम’ म्हणतात. आपल्या घरांतून आता संगणक शिकलेली मुले-मुली बाहेर पडत आहेत आणि ‘अनुभव आणा’ हे उत्तर ऐकून परत येत आहेत. म्हणून वडीलधाऱ्यांना या टेबलाची माहिती असावी, असे आम्हाला वाटते.

हे सॉफ्टवेअर कोणते?

ज्या प्रोग्रॅमचे मूळ लिखाण सर्वांसाठी उघडे असते, जे कोणीही वाचावे, वापरावे, सुधारावे, त्याला ओपन सोर्स म्हणजे खुले सॉफ्टवेअर म्हणतात. उदाहरण म्हणून आम्ही ‘कुबरनेटीज’ घेतो. गूगलने ते २०१४ मध्ये जाहीर केले. जुलै २०१५ मध्ये १.० ही पहिली पक्की आवृत्ती आली. पुढे ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेकडे सोपवले गेले.

मोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम एका नव्हे, शेकडो संगणकांवर चालतात. ते ‘कंटेनर’ नावाच्या बंद पेट्यांत भरलेले असतात. कोणती पेटी कोणत्या संगणकावर ठेवायची, एक संगणक बंद पडला तर त्याचे काम कुठे हलवायचे, हा कारभार कुबरनेटीज पाहते. या ग्रीक शब्दाचा अर्थच सुकाणू धरणारा, आणि त्याचे चिन्हही जहाजाचे सुकाणूचक्र आहे.

काम कसे चालते?

पूर्वी याच्या वर्षाला चार आवृत्त्या निघत. २०२१ पासून तीन निघतात. एका फेरीला साधारण साडेतीन महिने लागतात. प्रथम या फेरीत कोणत्या सुधारणा येणार याची यादी होते. प्रत्येक सुधारणेचा लेखी प्रस्ताव लागतो. ठरलेल्या तारखेला यादी बंद होते. पुढे ‘कोड फ्रीज’ येतो, म्हणजे त्यानंतर नवा माल आत घेत नाहीत; घ्यायचाच असेल तर खास परवानगी लागते. मग तपासणी, माहितीपत्रके आणि शेवटी प्रकाशन.

हे सर्व वेळेवर व्हावे म्हणून रिलीज टीम असते. तिचा एक गट यादीवर नजर ठेवतो. दुसरा आपोआप चालणाऱ्या चाचण्या पास होतात की नापास, हे पाहतो. तिसरा माहितीपत्रके पुरी करून घेतो, चौथा लोकांना सांगायचा मजकूर तयार करतो. यात प्रोग्रॅम लिहिण्याचे काम कमी. विचारणे, आठवण देणे, नोंद ठेवणे जास्त. उधारी वसूल करणाऱ्याला हे लगेच कळेल: बोलायचे गोडीने, पण तारीख सोडायची नाही.

या कामाचे वजन किती, ते पाहा. डिसेंबर २०२० मध्ये १.२० आवृत्तीबरोबर डॉकर या साधनाशी असलेला जुना जोड पुढे काढणार, असे जाहीर झाले. लोकांना वाटले, डॉकरने बनवलेल्या आपल्या पेट्याच बंद पडणार. घबराट झाली. घाबरू नका, तुमच्या पेट्या पूर्वीसारख्याच चालतील, असा वेगळा खुलासा करावा लागला. बातमी खरी होती, पण लोकांना नीट समजली नव्हती.

तो जोड १.२४ मध्ये निघाला. ही आवृत्ती १९ एप्रिल २०२२ ला यायची होती. ऐनवेळी प्रकाशन अडवणारा दोष सापडला. तारीख पुढे ढकलून ती ३ मे रोजी सोडली. जगभरचे गिऱ्हाईक वाट पाहत असताना ‘अजून नाही’ म्हणायला छाती लागते.

उस्ताद आणि शागीर्द

आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. या टीममध्ये प्रत्येक जबाबदार माणसाच्या हाताखाली काही ‘शॅडो’ असतात. शॅडो म्हणजे सावली. आपण त्यांना शागीर्द म्हणू. फेरीच्या सुरुवातीला एक प्रश्नावली निघते: का यायचे आहे, आठवड्याला किती वेळ देणार. पदवीची किंवा जुन्या अनुभवाची अट नसते. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात, म्हणून पहिल्या खेपेला नकार आला तर मन खट्टू करू नये.

एका फेरीतला चांगला शागीर्द पुढच्या फेरीत गटाचा प्रमुख होऊ शकतो. डिसेंबर २०२३ ला आलेल्या १.२९ आवृत्तीची सर्व जबाबदारी आधीच्या फेऱ्यांत काम केलेल्या, भारतातल्याच एका तरुणीकडे होती.

पगाराचे काय?

पगार नाही. व्यापाऱ्याला हा प्रश्न पडणारच, आणि पडावा. आपल्या कारखान्यांत शिकायच्या नावाखाली पोरांना वर्षानुवर्षे झाडू मारायला लावलेले आम्ही पाहिले आहे. इथे दोन फरक आहेत. मुदत एका फेरीची, आणि केलेले काम नावानिशी सर्वांसमोर नोंदलेले राहते. तीच नोंद पुढे अनुभवाचा दाखला होते. तरीही ही नोकरीची हमी नाही. अनेकांना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात. ज्याला असा आधार नाही तो आपल्या झोपेतून वेळ काढतो. परदेशाच्या घड्याळाने ठरलेली बैठक आपल्याकडे पुष्कळदा रात्री पडते. इंग्रजी लिहिता-वाचता यावे लागते.

म्हणून आमचा सल्ला असा. घरची चूल ज्याच्या कमाईवर पेटते त्याने आधी कमाई सांभाळावी. ज्याला वेळ आहे त्याने एक फेरी करावी, मग हिशेब मांडावा. मधेच सोडावे लागले तर गप्प बसू नये, आधी कळवावे; अर्धवट टाकलेले काम दुसऱ्याच्या गळ्यात पडते. आणि प्रवेश मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो ठग समजावा. या दाराला फी नाही.

मुलगा रात्री संगणकासमोर बसून ‘फुकटचे काम’ करताना दिसला, तर रागावण्याआधी एवढेच विचारावे: बेटा, कोणाच्या हाताखाली शिकतोस, आणि मुदत किती?