जोडून घडवलेली शिल्पं

शिल्प म्हणजे दगड फोडून, माती थापून काढलेली आकृती, हा समज रशियन कलावंत व्लादिमिर तात्लिन यांनी 1914 नंतर मोडला. लोखंडी पत्रा, लाकूड, तार अशी साधी सामग्री त्यांनी भिंतींच्या कोपऱ्यात ताणून बसवली. 1920 मध्ये शिल्पकार नाउम गाबो आणि त्यांचे बंधू आंत्वान पेव्ह्‌स्नर यांनी मॉस्कोत जाहीरनामा काढला: शिल्पाचा प्राण वस्तुमानात नाही, अवकाशात आहे. गाबोंनी तर एकच धातूची कांडी मोटरवर थरथरवली आणि त्या कंपनातून हवेत घनाकार दिसू लागला!

हा विचार आपल्याकडे रुजवणारं ठळक नाव म्हणजे मुंबईचे आदी दावियरवाला (1922-1975). शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचं, शिल्पकलेचे धडे ना. ग. पानसरे यांच्याकडे. हेच पानसरे फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स इमारतीवरच्या भव्य मानवाकृतींचे शिल्पकार. शिष्य मात्र लाकडाकडून धातूकडे, भंगाराकडे आणि वेल्डिंगकडे वळला. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत रोज जे सांधकाम चालतं, त्याच तंत्रातून इथे पोकळीला आकार मिळाला. माझ्या मते मराठी कलाचर्चेत दावियरवालांना त्यांच्या योग्यतेची जागा अजून मिळालेली नाही.

पिलू पोचखानवाला (1923-1986) याही धातू आणि भंगारातून अमूर्त शिल्पं घडवत. मुंबईच्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचं कलादालन व्हावं म्हणून त्या झटल्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तिथे 1996 मध्ये सुरू झालं. तेव्हा त्या हयात नव्हत्या.