विस्थापितांना रोख मदत : पोतं द्यावं की पैसे?

आजचा विषय हिशेबाचा आहे. दंगल, युद्ध किंवा पुरामुळे घर सोडून आलेल्या कुटुंबाला धान्याचं पोतं द्यावं की पैसे? फौजेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात आधी ट्रक येतात. किती टन, किती गाड्या, कुठला रस्ता. पण जगभरातल्या मदत संस्था आता मोठ्या प्रमाणावर रोख मदतीकडे वळल्या आहेत, आणि आपल्या देशातलं एक उदाहरण पाहिलं की त्यामागची कारणं कळतात.

ऑक्टोबर १९९७ मध्ये मिझोराममधल्या वांशिक हिंसाचारानंतर ब्रू, म्हणजेच रियांग, समाजाची हजारो माणसं उत्तर त्रिपुरात कांचनपूरच्या आसपास आली. तिथल्या शिबिरांत त्यांची वीस-बावीस वर्षं गेली. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ आणि पाच रुपये. लहान मुलाला याच्या निम्मं. आता नवरा-बायको आणि तीन मुलं असं कुटुंब धरा. महिन्याला ६३ किलो तांदूळ आणि ५२५ रुपये. तांदूळ बरा आहे, पण तेल, डाळ, वह्या, औषध, कपडे, सगळं त्या ५२५ मध्ये. मग काय होणार? घरातला तांदूळ बाजारात जाणार, आणि विकणारा अडलेला असल्यामुळे कमी भावात जाणार. सरकारने पूर्ण दर देऊन घेतलेलं, डोंगरात वाहून नेलेलं धान्य शेवटी पडत्या भावात रोख होतं. रोख मदतीच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद मला तरी माहीत नाही.

तरी पैसा सगळीकडे चालतो असं नाही. या कामातला माणूस पहिल्यांदा शिबिरात जात नाही, बाजारात जातो. दुकानं उघडी आहेत का? व्यापारी आठवड्यात माल वाढवू शकतो का? पूल वाहून गेलेला असेल तर नोटा घेऊन काय करणार, तिथे ट्रक किंवा हेलिकॉप्टरच हवं. पण रस्ता चालू असेल तर पैशामागे धान्य येतं. महाराष्ट्रातल्या मंडळींना १९७२-७३ चा दुष्काळ आठवत असेल. तेव्हा कामांवर लाखो लोकांना मजुरी मिळाली, आणि त्या मजुरीच्या ओढीने व्यापाऱ्यांनी बाहेरून धान्य दुष्काळी भागात आणलं.

बाजार चालतो हे ठरलं की रक्कम ठरवायची. स्थानिक भावाने एका कुटुंबाच्या महिन्याच्या गरजांची यादी करतात, त्यातून त्यांची स्वतःची कमाई वजा करतात. हे एकदा करून भागत नाही. तुर्कस्तानात २०१६ च्या अखेरीपासून युरोपीय संघाच्या पैशातून सीरियन निर्वासितांना कार्डावर दरमहा रक्कम मिळू लागली. पुढे ती माणशी १२० लिरा झाली. २०१८ मध्ये लिरा घसरला, महागाई वाढली, आकडा मात्र तोच. कांचनपूरचे पाच रुपयेही असेच वर्षानुवर्षं पाचच राहिले.

मग प्रश्न ओळखीचा. घर जळालं तेव्हा कागदपत्रंही गेली. खातं कसं उघडणार? जॉर्डनच्या झातारी छावणीत २०१६ पासून जागतिक अन्न कार्यक्रमाने डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवून दुकानात खरेदीची सोय केली. सोयीचं आहे, पण त्या डोळ्यांची नोंद कोणाकडे राहते हे विचारायची ताकद निर्वासितात नसते. म्हणून ते आपण विचारायचं.

आता सगळ्यात नाजूक भाग : अट. २०१८ च्या करारात ब्रू कुटुंबांना चार लाखांची मुदतठेव, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये, मोफत रेशन आणि घरासाठी दीड लाख देऊ केले होते. मात्र मिझोरामला परतायचं, आणि ठेव तिथे सलग तीन वर्षं राहिल्यावरच हाती. बहुतेक कुटुंबं गेली नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिबिरांचं रेशन आणि रोख बंद झाली. माणसं रस्ता अडवून बसली. रसद तोडणं हा वेढ्याचा डाव आहे. तो शत्रूवर वापरतात, स्वतःच्या नागरिकांवर नाही, हे माझं स्पष्ट मत.

१६ जानेवारी २०२० ला दिल्लीत नवा करार झाला. सुमारे ३४,००० लोकांना त्रिपुरातच वसवायचं, एकूण पॅकेज सुमारे ६०० कोटींचं. रकमा त्याच, पण परत जाण्याची अट गेली, आणि जोडीला प्रत्येक कुटुंबाला ४० बाय ३० फुटांचा प्लॉट. रकमा बदलल्या नाहीत, अट बदलली, आणि वीस वर्षं अडलेली गाडी हलली.

एक गोष्ट मला खटकते. हा समाज मूळचा झूम शेती करणारा, आणि १,२०० चौरस फुटांत घर होतं, शेत होत नाही. दोन वर्षांचे ५,००० रुपये हा पूल आहे. पलीकडच्या काठावर रोजगार हवा.

या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणांना एक कामाचं सांगतो. पैसे जमा झाले की यादीवर टिक करून निघू नका. पंधरा दिवसांनी घरी जा, आणि शक्यतो बाईशी बोला. रक्कम पूर्ण मिळाली का, बँकेपर्यंत जायला भाडं किती पडलं, काढून देणाऱ्याने किती कापून घेतले, दुकानदाराने भाव चढवले का. तक्रार घेणारा माणूस आणि पैसे वाटणारा माणूस एकच नसावा. आणि ज्यांचं नाव यादीत आलं नाही, त्यांच्याही दारात थांबा.