हेडसेटमध्ये हे कोण बोलतंय?

तिसरी घंटा होऊन गेलीय. तुम्ही विंगेत उभे, कमरेला बेल्टपॅक, कानावर हेडसेट. समोर तुमचीच मैत्रीण टेबलावर चढून संवाद म्हणतेय. पुढच्या वाक्याला ब्लॅकआऊट. अंधार झाला की ती खाली उतरणार, पलीकडच्या विंगेतला मित्र ते बघून इंटरकॉमवर 'गो' म्हणणार आणि मगच तुम्ही टेबल ओढायचं. ब्लॅकआऊट होतो आणि नेमकं तेव्हाच कानात कुठलं तरी गाणं खरखरायला लागतं. त्यातून मित्राचा आवाज येतो. तो 'गो' म्हणाला की 'नको'?

आधी एक फुकटचा उपाय सांगतो. इंटरकॉमवर 'नको' हा शब्दच वापरू नका. खरखरीत त्याचा शेवट तेवढा ऐकू येतो आणि तो 'गो'सारखाच वाटतो. थांबवायचं असेल तर 'थांब, थांब' असं दोनदा म्हणा. आता त्या गाण्याकडे वळू.

नगरला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, महाकरंडक असतो, गॅदरिंग तर प्रत्येक कॉलेजात. स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात. त्यात इंटरकॉम कुरकुरला की साऊंडवाल्या दादांचं ठरलेलं उत्तर असतं, "रेंजचा प्रॉब्लेम आहे, चालायचंच." चालायचं कशाला? त्याचं कारण शोधता येतं.

वायरवाला इंटरकॉम एकाच केबलवर चालतो. तिच्या तीन पिनांच्या जोडणीत पहिली पिन जमिनीची म्हणजे शील्डची, दुसरीवर साधारण ३० व्होल्टचा डीसी पुरवठा आणि तिसरीवर सगळ्यांचं बोलणं. माइकच्या केबलमध्ये आवाज दोन तारांवर उलटसुलट जातो. त्यामुळे बाहेरून घुसलेला गोंगाट दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजा होतो. इंटरकॉममध्ये बोलण्यासाठी एकच तार, त्यामुळे ही वजाबाकी होत नाही. आत शिरलं ते थेट कानात.

पण रेडिओ शिरतो कसा? आकाशवाणीचं नगर केंद्र एफएमवर १००.१ मेगाहर्ट्झला आहे. या लहरीची लांबी साधारण तीन मीटर. हेडसेटची वायर दीड मीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर अर्धी. अँटेना विकत आणायला गेलात तरी याहून चांगलं माप मिळणार नाही. पुढचं काम एखादा गंजलेला जोड किंवा बेल्टपॅकमधला ट्रान्झिस्टर करतो. तो डायोडसारखा वागतो, लहर एका बाजूने कापतो आणि तिच्यावर स्वार झालेला आवाज सुटा होतो. शाळेत कुणी क्रिस्टल रेडिओ बनवला असेल, तर हा तोच खेळ आहे, फक्त न मागता झालेला.

मीडियम वेव्हचा आवाज असा सहज सुटतो, कारण तो लहरीच्या उंचीतच असतो. एफएममध्ये आवाज वारंवारितेच्या बारीक हलण्यात असतो. पण आपली वायर सगळ्या वारंवारिता सारख्या पकडत नाही. वारंवारिता हलली की तिची पकडही कमी-जास्त होते, उंची हलायला लागते आणि मग एफएमही बोलतं, जरा फाटक्या आवाजात. मीडियम वेव्ह असो वा एफएम, स्टेशन जवळचं आणि जोरदार असावं लागतं.

म्हणून सगळ्यात आधी नीट ऐका. माणसाचा आवाज किंवा गाणं असेल तर रेडिओ किंवा कुणाची वॉकीटॉकी. 'टिक्-टिक्-टर्रर्र' असेल तर विंगेतल्या कुणाच्या तरी खिशातला टूजी फोन. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांत सिग्नल सोडतो आणि तीच टरटर ऐकू येते. नुसता फोर-जीवर असलेला फोन सहसा असं करत नाही, बॅकस्टेजवाल्या मामांचा बटणांचा फोन मात्र करतो. आणि एकसुरी गुणगुण असेल तर प्रकाशयोजनेवाल्याला डिमर अर्ध्यावर आणायला सांगा. गुणगुण तेव्हा वाढली आणि फेडर शून्यावर किंवा पूर्ण वर नेल्यावर कमी झाली, तर रेडिओला शिव्या घालू नका. तुमची केबल लाइटच्या केबलला चिकटून पळतेय. दोघींमध्ये हातभर अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

रेडिओच आहे असं ठरलं, तर अर्धी-अर्धी करून शोधा. मुख्य स्टेशनला एकच बेल्टपॅक, छोट्या केबलने जोडा. गाणं गेलं? मग दोष पुढच्या लांबीत आहे. एकेक तुकडा जोडत जा, ज्या तुकड्याला गाणं परत येईल तो संशयित. त्याच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून बघा. शील्डची जाळी तुटून एखाद्याच धाग्यावर लटकलेली असते आणि सगळं कुभांड त्याचंच असतं. गाणं छोट्या केबलवरही राहिलं, तर हेडसेट बदला. तरीही राहिलं, तर स्टेशनचा वीजपुरवठा तपासा.

कनेक्टरच्या धातूच्या टोपणाकडेही लक्ष द्या. इंटरकॉमच्या केबलमध्ये ते पहिल्या पिनेला जोडू नये. जोडलेलं असेल आणि टोपण लाइटच्या लोखंडी पाइपाला टेकलं, की जमिनीचा दुसरा रस्ता तयार होतो आणि गुणगुण सुरू. माझ्या मते निम्म्या तक्रारी अशा टेकण्यातूनच येतात, पण रंगमंचावर लोंबकळणारी केबल तपासायला वाकतो कोण!

दोष सापडला नाही आणि वेळही नाही, तर हेडसेटच्या वायरवर, बेल्टपॅकच्या अगदी जवळ, फेराइटचं क्लिपवालं मणी-टोपण बसवा. वायरचे दोन-तीन वेढे त्यातून घेता आले तर आणखी छान. एफएमच्या पट्ट्यात हे चांगलं काम करतं, मीडियम वेव्हला फारसं नाही.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करायची नाही. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडायची किंवा त्यावर टेप लावायची. "आम्ही नेहमी असंच करतो" म्हणणारे भेटतील. गुणगुण खरंच जातेही. पण उद्या आत कुठे फेज सुटून पत्र्याला लागली, तर ती वाट शोधत पोचते थेट हेडसेट घातलेल्या तुमच्यापर्यंत. अशा वेळी इंटरकॉम बंद ठेवा, दोन विंगांत दोन लहान बॅटऱ्या घ्या आणि उजेडाने क्यू द्या. नाटक तसंही होतं.

असला शोध आयुष्यभर घेणारे लोक फार लांब नाहीत. नगर-कल्याण रस्त्याने जिल्ह्याची हद्द ओलांडून आळेफाट्याला पोचलात, की नारायणगावच्या बाजूला खोडद आहे. तिथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आकाशातले रेडिओ संकेत ऐकते. कृत्रिम रेडिओ गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. तरी विजेच्या तारांवरच्या एखाद्या सैल जोडातली ठिणगीही तिथे त्रास देते, आणि ती कुठल्या खांबावर आहे ते शोधावं लागतं. त्यांचा खांब तो तुमचा कनेक्टर. फिजिक्सवाल्यांनी एकदा जाऊन यायला हरकत नाही.

स्पर्धेला निघताना पिशवीत चार फेराइट, एक जास्तीचा हेडसेट, एक छोटी चांगली केबल आणि लाल टेप टाका. टेप कशाला? दोषी केबल सापडल्यावर आपण ती कोपऱ्यात फेकतो आणि पुढच्या कॉलेजची मुलं नेमकी तीच उचलतात. दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा, वर पेनाने 'खराब' लिहा आणि साऊंडवाल्या दादांच्या हातात द्या.