चित्रकारांची वाट

निसर्गचित्र काढा म्हटलं की वहीत काय उमटतं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी. चिरनेरच्या मुलाचं आणि नागपूरच्या मुलाचं चित्र अगदी सारखं! नागपुरात असले डोंगर आहेत तरी कुठे?

जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळ, एल्बे नदीच्या काठी वालुकाश्माचे उभे कडे आहेत. अठराव्या शतकात आद्रियान झिंग आणि आंटोन ग्राफ हे स्विस चित्रकार ड्रेस्डेनला आले. हे डोंगर बघून त्यांना आपला देश आठवला, त्यावरून या भागाला ‘सॅक्सन स्वित्झर्लंड’ नाव पडलं असं सांगतात. मागोमाग कितीतरी चित्रकार वह्या घेऊन पायी हिंडले. त्यांच्या जुन्या वाटांवरून आज ‘मालरवेग’, म्हणजे चित्रकारांची वाट, आखली आहे. शंभर किलोमीटरहून लांब, आठ टप्प्यांची.

इथेच कास्पार डाविड फ्रिडरिश हिंडला. १८१८च्या सुमाराचं त्याचं एक चित्र जगप्रसिद्ध आहे: खडकावर पाठमोरा उभा माणूस आणि खाली धुक्याचा समुद्र. गंमत म्हणजे हे दृश्य कुठल्याही एका जागेवरून दिसत नाही! वेगवेगळ्या खडकांची रेखाटनं त्याने जागेवर बसून केली आणि नंतर ती एका चित्रात जुळवली. जुळवणी मनातली, पण खडक डोळ्यांनी पाहिलेले. आपल्या त्रिकोणी डोंगरात नेमकं हेच नसतं.

आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहमान घ्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते गावी परतले आणि कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तलाव तोच, उजेड मात्र दर वेळी वेगळा.

आता चिरनेर. २५ सप्टेंबर १९३०चा जंगल सत्याग्रह जिथे झाला, तो अक्कादेवीचा परिसर पाठ्यपुस्तकाबाहेर, आपल्या गावातच आहे. पण डोळे मिटून त्या डोंगराची कड काढता येईल का? उरण-पनवेल भागात भातशेतीच्या जागी कंटेनर यार्ड उभे राहतायत, खाणींनी डोंगर कापले जातायत. आज दिसणारी कड तुमची धाकटी भावंडं मोठी होईपर्यंत अशीच राहील, याची खात्री मी तरी देणार नाही.

म्हणून या रविवारी घरच्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. अर्धा तास एका जागी बसून फक्त डोंगराची कड काढा, रंग नकोत. कागदामागे तारीख, वेळ आणि बसलेली जागा लिहा. पावसाळा सरला की पुन्हा त्याच जागी बसायचं आहे, तेव्हा पहिला कागद सोबत आणा.